चौथ्या खुर्चीचा टॉवेल

सोलापूर
रविवार, २५ फेब्रुवारी २०२४

नान्ना,

पाकिटावरचं अक्षर बघूनच ओळखलं असाल. फोन तुम्ही घेत नाही. अक्का म्हणते, माझं नाव दिसलं की तुम्ही चपला अडकवून सरळ उसाच्या कडेनं फिरायला निघता. म्हटलं पत्र टाकावं. पत्र वाजत नाही. कधी उघडायचं ते तुमच्या हातात.

मी सोलापुरात आलोय. चार दिवसांसाठी. हुबळीत एका मंडपवाल्याकडे होतो, त्याच्या आधी मालवणात होड्या रंगवत होतो, त्या रंगाचा वास अजून नखांत आहे. बरं ते राहू दे. दारात पोचलो तर अम्मा एकटी. तुमचा शर्ट इस्त्री करून खुंटीला. तुमची सायकल भिंतीला टेकलेली, दोन्ही चाकांत हवा टाइट. मी विचारलं, "नान्ना कामावर?" तर म्हणाली, "अकलूजला गेलेत, लेकीकडे." "येणार कधी?" "त्यांनाच विचार की." एवढं बोलून मला ताट वाढलं आणि चादरी धुवायला बसली. धुतलेल्याच चादरी होत्या, नान्ना. दोरीवरून मीच काढल्या होत्या. ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू झाला की हिच्या हाताला काय होतं कोण जाणे.

(घरात आपण तेलुगू बोलतो, बापाला नान्ना म्हणतो आणि पत्र मराठीत लिहितो, याचं हुबळीतल्या लोकांना लई हसू यायचं. मी सांगायचो, लिहायला आम्हाला मराठीच शिकवलं शाळेनं, त्याला आम्ही काय करणार?)

आज चर्चमध्ये मिस्सा संपल्यावर फादर आल्विननी मला गेटवरच धरलं. ऑगस्टमध्ये संत रोकच्या सणाला शाळेला शंभर वर्षं होतात. स्मरणिका काढायची आहे, चर्चचा आणि शाळेचा इतिहास कुणीतरी लिहायला पाहिजे. म्हणाले, "तू फिरलेला माणूस आहेस इन्नय्या, तुला गोष्टी सांगता येतात."

मी म्हटलं, "फादर, मी नववी नापास."

"आपल्याच शाळेत नापास झालास ना? मग चालतंय."

मग काय, हो म्हटलं.

शाळेत कुणी जुनं माणूस भेटतंय का बघायला गेलो आणि संत रोकच्या पुतळ्यापाशीच अर्धा तास गेला. त्याच्या पायाशी कुत्रा आहे की, तोंडात पाव धरलेला? प्लेग झालेल्या संताला रोज पाव आणून द्यायचा तो. त्याचा पाव गायब आहे. आवारात खेळणारी पोरं म्हणतात आम्ही नाही तोडला. आमच्या वेळीही आम्ही हेच म्हणायचो. रिक्षावाले अजून "कुत्र्याचं चर्च" म्हणूनच सोडतात. पाव नसला तर कुत्रा नुसता जांभई देतोय असं वाटतं.

मुद्द्याचं राहिलंच. चौथ्या खुर्चीची गोष्ट मला तुमच्याकडून हवी आहे. तुमच्या आजोबांची. लिहून धाडा, नाहीतर अक्काला सांगा.

तुमचा
इन्नू


सोलापूर
रविवार, १० मार्च २०२४

नान्ना,

उत्तर नाही. हरकत नाही. तुमच्यावाचून जेवढं गोळा झालं ते लिहितो. चुकलं असेल तर चिडून तरी दुरुस्त कराल.

फादर म्हणाले, शाळेत आता बहुतेक पोरं हिंदू-मुसलमान घरची, त्यांना कळेल असं लिही. म्हणून मी आधी रीतच लिहिली. येशूनं मरणाच्या आदल्या संध्याकाळी आपल्या बारा शिष्यांचे पाय धुतले, म्हणून पवित्र गुरुवारी फादर वेदीपुढे बारा खुर्च्या मांडून बारा जणांचे पाय धुतात. जन्मभर त्या खुर्चीत बसलेल्या माणसाला मी हे सांगतोय, हसू नका.

पण आपल्याकडे खुर्च्या वाटून दिलेल्या आहेत हे दुसऱ्या कुठल्या चर्चमध्ये मी पाहिलं नाही. आणि मी लई चर्चं पाहिलीत, झोपायला पडवी मिळते म्हणून. पहिली खुर्ची रेल्वेची. गोव्याचे गार्ड, तमिळ फायरमन, त्यांनी आधी चर्च बांधलं. दुसरी कॅम्पातल्या खानसाम्यांची. तिसरी नर्सच्या नवऱ्यांची! हे मला आत्ताच कळलं. दवाखान्यात राबायच्या बायका, प्लेगात माणसं उचलायच्या बायका, पण खुर्चीत बाईला बसवायची रीत नव्हती, म्हणून त्यांच्या नवऱ्यांचे पाय धुतले. त्यातला एक म्हणे जन्मात कधी कामाला गेला नाही. चौथी आपली, विणकरांची. पुढच्या खुर्च्या सांगत बसत नाही.

आपल्या खुर्चीचं मी असं ऐकत आलोय. तुमचे आजोबा, चौरप्पा तात्ता, करीमनगरकडून चालत आले, मिलमध्ये लागले. चर्चच्या पडवीत मिल कामगारांच्या पोरांना बसवून गोऱ्या फादरनी शाळा काढली, ती हीच शाळा. त्या साली गुरुवारी फादरनी तात्तांचे पाय धुतले तर रंगखात्याच्या रंगानं पाणी निळं झालं. पुसायला काही आणलंच नव्हतं. फादरनी स्वतःच्या पांढऱ्या झग्यानं पुसले. झगा निळा. तात्ता म्हणाले, "पुढच्या वर्षी टॉवेल मी आणतो." तेव्हापासून बाराही जणांचे टॉवेल आपल्या घरचे. खरं का हे? फादर आल्विन म्हणतात पुरावा कुठाय. मी म्हटलं, सोलापुरात टॉवेलाचा पुरावा मागताय?

आता दुसरं. इंद्रायणी मॅडम भेटल्या. मराठी शिकवतात, आपल्याच शाळेतल्या जुन्या. मला बघून म्हणाल्या, "मरियम्मांचा धाकटा ना रे तू? तुझ्या आईनं माझे पाय धुतलेत. चिखलाचे पाय घेऊन बालवाडीत जायचं नाही, आधी नळाखाली मरियम्मा आया. खसाखसा घासायची बाई! गुदगुल्या व्हायच्या, आणि हसलं की पाठीत धपाटा."

मग मागच्या वर्षीच्या गुरुवारचं त्यांनीच सांगितलं. शाळेतर्फे त्या मागच्या बाकावर होत्या. अम्मा यातलं एक अक्षर बोललेली नाही.

त्या म्हणाल्या, तुम्ही नेहमीसारखे बारा टॉवेल वेदीपाशी ठेवले आणि चौथ्या खुर्चीकडे निघालात. तेवढ्यात फादर आल्विन माइकवर म्हणाले, बायकांचेही पाय धुवायची परवानगी रोमहून आली त्याला वर्षं झाली, तर यंदा चौथ्या खुर्चीत मरियम्मा बसतील, त्यांनी अर्ध्या सोलापूरचे पाय धुतलेत, आज त्यांचे कुणीतरी धुवावेत. कुणालाच आधी सांगितलेलं नव्हतं. अम्मा घाबरून खुर्चीत बसली. तुम्ही वळलात, टॉवेलांचा गठ्ठा काखेत मारला आणि मधल्या वाटेनं चालत बाहेर. तसेच स्टँडवर, तसेच अकलूजला.

फादरनी ऑफिसातून टिश्यू पेपर मागवले. ते पायांना चिकटले. अम्माची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "राहू द्या फादर," आणि तशीच उठली. मॅडम म्हणाल्या, "शहाबादी फरशीवर तिची ओली पावलं वेदीपासून दारापर्यंत उठली होती रे. कुणी त्यांच्यावरून चाललं नाही. वाळेपर्यंत सगळे बाजूबाजूनं गेले."

नान्ना, बायको बसली म्हणून? एवढंच?

मी त्या दिवशी नव्हतो, म्हणून विचारायचा हक्क आहे की नाही माहीत नाही. तरी विचारतोय.

इन्नू


सोलापूर
रविवार, १७ मार्च २०२४

नान्ना,

अक्काचा फोन आला. म्हणाली, तुझी पत्रं उशीखाली ठेवतात, आणि काल भात कालवता कालवता एकदम बोलले. काय बोललात ते तिनं जसंच्या तसं सांगितलं. "खुर्ची माझी नव्हतीच. इन्नूची होती. मी नुसता राखत होतो. तो आला की त्याला बसवायचं होतं. ती दुसऱ्याला देऊन टाकली म्हणजे तो येणार नाही असं सगळ्यांनी ठरवूनच टाकलं."

फोन ठेवला. मग समोरच्या टपरीवर जाऊन भजी खाल्ली. तिथं एक माणूस आपल्या शेळीला भजी चारत होता, तिचं नाव त्यानं सोनम ठेवलंय. त्याच्याशी बोलत बसलो. 

आता लिहितो. तुम्ही बापाच्या हयातीत त्या खुर्चीत बसलात, त्यांनीच तुम्हाला खांदे धरून बसवलं, हे मी शंभरदा ऐकलंय. माझ्यासाठीही तसंच व्हायचं होतं, कळतं मला. पण माझे पाय तुम्हाला माहीत आहेत. शाळेत बाकावर बसायचे नाहीत, मागावर लावलंत तर दुपारीच पळायचे. पहिल्यांदा पळालो तेव्हा कुंभारीच्या पुढं तुम्हीच सायकलवरून शोधत आलात आणि मारलं नाहीत, उसाचा रस पाजलात. नान्ना, मी त्या खुर्चीत बसलो नसतो. फादरनी अम्माला बसवलं नसतं तरी नाही. लहानपणी तुमचे धुतलेले पाय बघून मला वाटायचं, हिथं एकदा बसलं की माणूस कायमचा बसला. ती माझ्याकरता राखायची म्हणजे रिकामीच राखायची.

यात तुमच्यावर राग नाही. फक्त खरं कळलेलं बरं.

आणि हे पण कळू दे. मंगळवारी फादर आल्विन घरी आले होते. चहाला हात न लावता म्हणाले, "मरियम्मा, मागच्या वर्षी माझं चुकलं. मला वाटलं मी तुमचा मान करतोय. आधी विचारायला पाहिजे होतं."

अम्मा म्हणाली, "मला विचारलं नाही ते चालेल. त्यांना विचारायचं होतं. माणूस हातात टॉवेल घेऊन उभा होता."

"यंदा कुणाला बसवू? तुम्ही सांगाल तसं."

मला वाटलं नाहीच म्हणेल. तिनं कपबशी फादरच्या पुढं सरकवली. "चहा निवतोय. यंदा विचारताय, तर मी बसते."

"आणि टॉवेल? चाटी गल्लीतून चांगले आणतो."

"दुकानातला माझ्या पायाला लावायचा नाही."

"मग?"

"मग ओले राहतील. वाळतात की, उन्हाळाच आहे."

फादर गेल्यावर मी म्हटलं, "अम्मा, परत सगळ्यांदेखत ओल्या पायानं चालशील?" तर म्हणाली, "तू जा, दळण आण." मी दळण आणलं. आलो तर परत चादरी धुवायला बसलेली. हाताला काम लागतंच म्हणते.

तर असं आहे. गुरुवार अठ्ठावीस तारखेला. ती बसणार आहे, आणि दुसऱ्या कुणाचा टॉवेल घेणार नाही. माझे चार दिवस कधीच संपलेत, तो गुरुवार झाल्याशिवाय मी हलत नाही.

इन्नू


सोलापूर
झावळ्यांचा रविवार, २४ मार्च २०२४

नान्ना,

छोटंच लिहितो. हे पोचेल तेव्हा गुरुवार दारात असेल.

काल अक्कलकोट रोडला एमआयडीसीत गेलो होतो. स्मरणिकेला कारखान्यांच्या जाहिराती मिळतात का बघायला. तुमच्या जुन्या कारखान्यात शरणबसव भेटला, माझ्या वर्गातला, आता तो तिथं मागावर असतो. म्हणाला, "काय बे, बाप तुझा परवा आला होता की! शेटला विचारून जुन्या मागावर उभा राहिला दिवसभर. मी म्हटलं मामा, डबा खा, तर म्हणे धागा तुटतो."

मी विचारलं, "काय विणलं?"

"पांढरे टॉवेल. साधे. कडेला निळी रेघ."

तिथून घर सायकलनं किती जवळ, ते तुम्हीच मला सांगायचात. आणि तुम्ही परत अकलूजची गाडी पकडलीत.

अम्माला मी बोललो नाही. बोललो असतो तर तिनं वाट बघितली असती, आणि तुम्ही आला नसतात तर ते मलाच बघावं लागलं असतं.

आज झावळ्यांची मिरवणूक झाली. कुत्र्याचा पाव बसवला. रंगाऱ्याला पाव म्हणून सांगितलं होतं, त्यानं गोल, पातळ, ठिपक्याठिपक्यांची कडक भाकरी करून ठेवली. फादर डोक्याला हात लावून उभे. सिस्टर म्हणाल्या, "असू द्या फादर, सोलापूरचा कुत्रा आहे." कधी येताय बघायला?

इन्नू


हुबळी
शनिवार, ६ एप्रिल २०२४

नान्ना,

ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी मी निघालो तेव्हा तुम्ही सायकलची चेन काढून बसला होतात. हात काळे, म्हणून नुसती मान हलवलीत. मला तेवढं पुरलं. मंडपवाल्यानं परत घेतलंय, लग्नाचे दिवस आहेत.

एक गोष्ट तोंडानं सांगायची राहिली. अम्मानं सांगू नको म्हटलं होतं. म्हणून पत्रात.

गुरुवारी चर्चमधून घरी येताना तुम्ही तिला विचारलंत, "का हसलीस?" आणि ती गप्प राहिली.  जेवताना तुमचे कान लाल होते. तुम्हाला वाटलं, भर चर्चमध्ये तुमच्यावर हसली. तुम्ही मागच्या बाकावर होतात. पाण्याचा तांब्या माझ्या हातात होता, मी तिच्या गुडघ्यापाशी उभा होतो, म्हणून काय झालं ते मला माहीत आहे.

तुम्ही आलात तेव्हा फादर पहिल्या खुर्चीपाशी गुडघ्यावर बसलेले. तुम्ही कुणाकडे न बघता चालत आलात, गठ्ठा वेदीपाशी ठेवलात आणि मागं गेलात. मला वाटलं आता संपलं सगळं, सुटलो. फादरनी वरचा टॉवेल उचलला आणि रेल्वेच्या पेरेरा अंकलचा पाय पुसला. पाणी टॉवेलावरून घसरून खाली. परत पुसला. परत घसरलं. खानसाम्यांच्या नातवाला तर गुदगुल्या झाल्या, तो खुर्चीत वळवळायला लागला. फादर घामाघूम. मला कळेना हे काय चाललंय.

मग अम्मा. मी पाणी ओतलं, फादरनी पाय धुतले, टॉवेल लावला. पाणी तस्संच. अम्मानं वाकून टॉवेलाचं टोक दोन बोटांत धरलं, चोळलं आणि ती हसायला लागली. फादरना म्हणाली, "राहू द्या. सुताला लावलेली खळ आहे अजून. तीनदा धुतल्याशिवाय हा पाणी पिणार नाही."

आणि मग मला, तेलुगूत, हळूच, "जन्मभर विणले यांनी. खळ कोण काढतं ते बघितलंच नाही कधी."

तेव्हा माझ्या डोक्यात ते सगळं एका ओळीत उभं राहिलं. दर उपवासकाळात अंगणातल्या दगडावर बसलेली अम्मा, दोरीवर बारा पांढरे टॉवेल, वाळले की परत भिजवलेले. मला वाटायचं, मळले असतील. तुम्ही मागावरून आणून कोनाड्यात ठेवायचात आणि गुरुवारी कोनाड्यातून उचलायचात. मधल्या दिवसांत ते कुठं असायचे हे तुम्हाला माहीत नव्हतं, मला नव्हतं, चौरप्पा तात्तांनाही नसेल. आणि यंदा टॉवेल नसताना गेला महिनाभर ती धुतलेल्या चादरी का धूत होती, तेही तेव्हाच कळलं.

पुढं ती अजून एक बोलली. "इन्नू, हे घरी बोलू नको. एवढ्या लांबून येऊन विणलेत."

म्हणून ती गप्प होती, नान्ना. तुमच्यावर हसली नाही असं मी म्हणणार नाही, थोडी हसलीच. पण ओले पाय घेऊन उठली आणि यंदा दारापर्यंत गेली नाही. तुमच्या बाकापर्यंत गेली आणि तिथं बसली. ती फरशी मी मागं वळून बघितली. पावलं तिथंच थांबली होती.

शनिवारी सकाळी ती टॉवेल भिजवायला बसली तेव्हा तुम्ही उंबऱ्यात उभे राहून म्हणालात, "आता कशाला धुतेस? गुरुवार तर झाला." ती म्हणाली, "पुढच्या गुरुवारला." मी आतून ऐकत होतो. मग धोपटण्याचा आवाज सुरू झाला. मग तो थांबला. खिडकीतून बघितलं तर टॉवेलाचं एक टोक तिच्या हातात, एक तुमच्या, आणि दोघं मिळून पिळताय. तुम्ही चुकीच्या बाजूला पिळत होतात. ती ओरडत होती.

स्मरणिकेचा मजकूर फादरना मोबाइलवरून पाठवला. झग्याची गोष्ट ठेवलीय, "असं सांगतात" म्हणून. तिसऱ्या खुर्चीपाशी नर्सची नावं घातलीत, जेवढी मिळाली तेवढी. आपल्या खुर्चीबद्दल आधी लिहिलं होतं की हे घर शंभर वर्षं टॉवेल विणत आलं आहे. ते खोडून लिहिलं, विणत आणि धूत आलं आहे. फादरनी अंगठा पाठवलाय.

चौथी खुर्ची आता अम्माची. माझ्यासाठी काही राखायचंच असेल तर सायकलीत हवा राखा. येईन तेव्हा लागेल.

निघताना तिनं पिशवीत एक टॉवेल कोंबला होता. निळ्या रेघेचा. आज मंडपाचे बांबू उतरवून आलो, वळवाच्या पावसानं पाय गुडघ्यापर्यंत चिखलाचे. नळाखाली धुतले, घासले खसाखसा, आणि तो टॉवेल काढला. मनात म्हटलं, बघू.

पहिल्या हातातच पाणी पिऊन टाकलं त्यानं.

इन्नू